पोलादाच्या आत पाहावे

जुनी चिलखती गाडी विकत घ्यावयास निघालेल्या मनुष्यास प्रथम भुरळ पडते ती तिच्या पोलादाची. तो जाड पत्रा अर्धे शतक उघड्यावर काढूनही वरवरच्या गंजापलीकडे फारसा खचत नाही, आणि त्यावर हिरव्या रंगाचा एक ताजा हात फिरला की आतील यंत्रही तितकेच धडधाकट असेल असा ग्रह होऊन बसतो. हा ग्रह घातक आहे. चिलखत टिकते, परंतु त्याच्या पोटातील दंतचक्रे, रबरी सीले, ब्रेकचे सिलिंडर आणि पेट्रोलची टाकी ही वर्षानुवर्षे एका जागी उभी राहूनच निकामी होतात, आणि नव्या मालकास पुढे जो खर्च सोसावा लागतो तो बहुतांशी तेथेच दडलेला असतो.

माझा अनुभव इंग्लंडातील ‘फेरेट’ नामक टेहळणी गाडीचा आहे. कॉव्हेंट्रीच्या डेमलर कंपनीने १९५२ ते १९७१ या काळात अशा ४,४०९ गाड्या बांधल्या, आणि ब्रिटिश फौजेप्रमाणेच राष्ट्रकुलातील इतर अनेक फौजांनी, त्यांत आपल्या भारतीय लष्करानेही, त्या वापरल्या. माझे बालपण नगरला, चिलखती दलाच्या शिक्षणकेंद्राच्या शेजारात गेले. त्यामुळे उपजीविकेनिमित्त मिडलंड्समध्ये स्थायिक झाल्यावर अशी एखादी गाडी आपल्या हाताने सांभाळावी ही इच्छा मनात बळावत गेली, यात नवल नाही. इंग्लंडात अशा गाड्यांची खरेदी-विक्री खाजगी माणसांमध्ये राजरोस चालते.

पहिली गाडी पाहावयास गेलो तेव्हा लष्करी कार्यशाळेत हयात घालविलेले एक वृद्ध फिटर माझ्यासमवेत होते. विक्रेत्याने कळ दाबताच इंजिन तत्काळ सुरू झाले व मी संतुष्ट झालो. परंतु त्या वृद्ध गृहस्थांनी आधीच मागील झाकण उचलून रेडिएटरवर तळहात ठेवला होता, आणि तो कोमट लागला होता. इंजिन आमच्या येण्यापूर्वीच तापवून ठेवलेले होते. थंड इंजिन किती वेळ कुरकुरते, धूर कोणत्या रंगाचा टाकते आणि तेलाचा दाब काट्यावर केव्हा चढतो, हे सारे त्यामुळे झाकले गेले होते. तेव्हापासून माझा नियम असा की, इंजिनास आदल्या दिवसापासून कोणी हात लावू नये असे विक्रेत्यास अगोदरच स्पष्टपणे कळवावे, आणि तरीही पोहोचताक्षणी प्रथम हात लावून खातरजमा करावी. वास्तविक फेरेटच्या इंजिनाचे भय तितकेसे नाही. रोल्स-रॉइसचे ते सहा सिलिंडरचे, सुमारे सव्वाचार लिटरचे ‘बी-६०’ इंजिन त्याच घराण्यातील इतर लष्करी इंजिनांशी कित्येक सुटे भाग वाटून घेते, आणि त्यांची माहिती असणारे कारागीर अद्याप मिळतात.

खरे भय आहे ते इंजिनापासून चाकांपर्यंतच्या मार्गाचे. या गाडीस नेहमीचा क्लच नाही. तेलाने भरलेले फ्लायव्हील आणि त्यापुढे विल्सन पद्धतीचा पाच वेगांचा गिअरबॉक्स अशी रचना असून, चालक दांड्याने पुढचा वेग आधी निवडून ठेवतो व मग डाव्या पायाचा पेडल तळापर्यंत दाबून सोडतो, तेव्हा तो वेग लागतो. आतील पट्टे झिजलेले असले किंवा पेडल अर्धवट दाबला गेला, तर तो विलक्षण जोराने उसळून वर येतो आणि पायास गंभीर इजा करू शकतो. म्हणून प्रत्यक्ष चालवून पाहण्यापूर्वी हा पेडल मालकास आपल्यादेखत अनेकवार वापरावयास सांगावे. चढावर एखाद्या वेगात इंजिन नुसतेच गुरगुरून गाडी मागे रेंगाळली, तर लगेच निकाल देऊ नये. या गिअरबॉक्समध्ये पट्ट्यांचा ढिलेपणा आपोआप काढणारी योजना असते, तो वेग निवडून पेडल पुनःपुन्हा दाबल्यास पकड कित्येकदा परत येते. त्यानंतरही गाडी घसरली, तर मात्र तेथून उठावे.

याहून सूक्ष्म दोष चाकांच्या जोडणीत असतो. फेरेटमध्ये डिफरेन्शल एकच, तेही मध्यभागी. तेथून प्रत्येक बाजूच्या पुढच्या व मागच्या चाकांकडे स्वतंत्र दांडे जातात, म्हणजे एका बाजूची दोन्ही चाके दंतचक्रांनी परस्परांस कायमची जखडलेली असतात. शेतात, वाळूत किंवा चिखलात चाके किंचित घसरून हा ताण मोकळा होतो. पण डांबरी सडकेवर तो सुटत नाही, दांडे पिळवटत जातात आणि त्याचा सारा भार चाकांजवळील गिअरपेट्यांवर येतो. एकाच बाजूचे दोन टायर कमी-अधिक झिजलेले असले तर सरळ रस्त्यावरही हीच गत होते. यासाठी मी खिशात मापपट्टी ठेवतो व प्रत्येक टायरचा घेर मोजतो. त्या पहिल्या गाडीच्या डाव्या बाजूस मागे नवा टायर होता आणि पुढचा इतका झिजलेला, की मोजण्याआधीच फरक नजरेत भरत होता. फिटरसाहेबांनी पुढचे चाक जॅकने उचलले मात्र, आणि ते जमिनीवरून सुटताच कोणी न लोटता झटक्यासरशी मागे फिरले. मग त्यांनी गिअरपेटीचा तळचा बूच सैल करण्याची अनुज्ञा मागितली. विक्रेत्याने ती साफ नाकारली. तेलात पाणी शिरले असते तर ते दुधाळ दिसले असते, दात झडू लागले असते तर बुचाच्या टोकास पोलादाचा कीस लागला असता. ज्या मालकास या दोन्ही गोष्टी दाखवावयाच्या नसतात त्याच्याशी व्यवहार करू नये, या मतास आम्ही तेथेच आलो आणि परतलो.

चिलखती पेटीच्या तळाचे पत्रे उचलून पाहिल्यावाचूनही सौदा ठरवू नये. या गाडीस निराळी चॅसी नाही, सर्व काही त्या जोडकाम केलेल्या पेटीवरच बसविलेले असते, आणि गळलेले तेल व पावसाचे पाणी बाहेर न पडता तळाशी साचून राहते. बॅटरी काढून वाळलेली पाण्याची रेघ दिसते का ते पाहावे. ब्रेक व जुने गॅस्केट यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, तसेच त्या काळच्या लष्करी घड्याळांचे व काट्यांचे चकाकणारे आकडे रेडियमचे असू शकतात. म्हणून ब्रेकची भुकटी फुंकून उडवू नये आणि काच फुटलेल्या घड्याळाशी खेळ करू नये.

राहिला दस्तऐवजांचा प्रश्न, आणि तो शेवटी येत असला तरी त्याकडे पाहण्याची वेळ इसार देण्यापूर्वीची आहे. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या वाहनांस २०१८ पासून सामान्यतः वार्षिक तपासणीची सक्ती नाही. म्हणजे तपासणीचा दाखला नसणे बेकायदेशीर नाही, पण गाडीची प्रकृती कोणी त्रयस्थ नजरेने पाहिलेली नाही, असाही त्याचा अर्थ होतो. नोंदणीपत्रावरील क्रमांक गाडीवरील पत्र्याच्या क्रमांकाशी जुळतो की नाही ते स्वतः वाचावे. बुरुजात मशीनगन असल्यास ती अधिकृतपणे निकामी केल्याचा दाखला हाती घेतल्याशिवाय गाडी हलवू नये. आणि १ जानेवारी १९९७ रोजी वा त्यानंतर साध्या मोटारीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या चालकाचा परवाना साडेतीन टनांवर संपतो, तर बुरूज असलेली फेरेट चार टनांपेक्षा अधिक भरते. तेव्हा ती घरी आणावयाची तर निराळा परवाना असलेला चालक, अथवा तेवढे वजन पेलणारा ट्रेलर व तो ओढणारे वाहन, यांची व्यवस्था किमतीची बोलणी सुरू होण्यापूर्वीच करून ठेवावी.