कामावर परतणाऱ्याला सोबत हवी

भोसरी एमआयडीसीतली आमची कंपनी बंद पडली तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. हातात सीएनसी मशीनचे काम होते, त्यामुळे दोन-तीन महिन्यांत कुठेतरी चिकटू असे वाटले. दोन वर्षे गेली. इतका काळ घरी बसल्यावर मन खचते, घरखर्च थांबत नाही आणि माणूस घाईला येतो. खरे नुकसान या घाईत होते. म्हणून काम शोधणाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना चार गोष्टी सांगतो.

पहिली फंडाची. 'सगळे काढून मोकळा हो,' असे जो तो सांगत होता. पण पीएफ आणि पेन्शन यांचा हिशेब वेगळा असतो. पेन्शनसाठी किमान १० वर्षांची सेवा लागते. माझी सुरुवातीची वर्षे पीएफ नसलेल्या वर्कशॉपांत गेल्यामुळे तेवढी भरत नव्हती. अशा वेळी पेन्शनची रक्कम उचलली की ती सेवा संपते. त्याऐवजी फॉर्म १०-सी भरून स्कीम सर्टिफिकेट घेतले, तर जुनी वर्षे पुढच्या नोकरीत धरली जातात. मी तेच केले.

दुसरी, गेलेल्या नोकरीत तुमचा ईएसआय कापला जात असेल तर जवळच्या शाखेत जाऊन अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी करा. २०१८मध्ये ती सुरू झाली. नोकरी गेलेल्या पात्र कामगाराला जास्तीत जास्त ९० दिवस, सरासरी कमाईच्या निम्म्याने मदत देण्याची त्यात तरतूद आहे. योजनेची मुदत वाढवली जाते आणि अटीही बदलतात, म्हणून तिथेच विचारून घ्या.

तिसरी फसवणुकीची. चाकणच्या एका कारखान्यात निवड झाल्याचे पत्र मला व्हॉट्सॲपवर आले. लेटरहेड, शिक्का, सगळे जिथल्या तिथे. फक्त युनिफॉर्म आणि मेडिकलसाठी 'परत मिळणारे' डिपॉझिट आधी भरायचे होते. मित्राला घेऊन थेट गेटवर गेलो. सिक्युरिटीवाल्याने पत्राकडे नजर टाकली आणि म्हणाला, "दादा, अशी पत्रं घेऊन रोज कुणी ना कुणी येतं." नोकरीसाठी पैसे मागितले की तिथेच थांबा. पैसे गेलेच असतील, तर वेळ न दवडता १९३० वर तक्रार नोंदवा.

चौथी गोष्ट हाताच्या सवयीची. त्याच मित्राचे जॉबवर्कचे छोटे वर्कशॉप आहे. शिफ्ट सुटल्यावर तो मला मशीनवर उभे करायचा. ड्रॉइंग समोर ठेवायचे, ऑफसेट द्यायचा, जॉब काढून मायक्रोमीटरने मोजायचा. पुढे एका मुलाखतीत हेच करायला सांगितले, तेव्हा हात थरथरला नाही. 'मधली दोन वर्षे काय केलंत?' या प्रश्नाला सांगण्यासारखे उत्तरही होते. तिथे लागलो. पगार आधीपेक्षा कमी होता, पण पीएफ पुन्हा सुरू झाला.

तुमच्या घरात कुणी बरेच दिवस बेकार असेल, तर 'लागलं का कुठे?' असे रोज विचारू नका. पीएफच्या ऑफिसात त्याच्याबरोबर जा, आलेले पत्र खरे की खोटे ते शेजारी बसून तपासा. तुमचे वर्कशॉप, दुकान, ऑफिस असेल, तर त्याला रोज तासभर तिथे काम करू द्या. नोकरी देणे प्रत्येकाच्या हातात नसते, पण एवढे करणे बहुतेकांना जमते. माझ्या मित्राने माझ्यासाठी एवढेच केले आणि तेवढ्यावर मी उभा राहिलो.