भुजादंड आणि त्याचे धारवे

भिलाईच्या पोलाद कारखान्यात लालबुंद पोलादाचा ठोकळा दोन अजस्र लाटण्यांमधून पुनःपुन्हा दाबला जातो आणि त्यातून आगगाडीचा रूळ आकारास येतो. पाहणाऱ्याची नजर साहजिकच त्या तप्त पोलादावर खिळते. परंतु लाटण्यावर पडणारा सारा भार अखेर पेलतात, ती त्याची दोन गोल टोके आणि ती ज्यांत फिरतात ते धारवे, म्हणजे बेअरिंगे. मोटारगाडीच्या एंजिनातही लहान प्रमाणावर हाच प्रश्न उभा राहतो.

सिलिंडरातील दट्ट्या खालीवर होतो. चाकांना मात्र चक्राकार गती हवी असते. हे रूपांतर भुजादंड, अर्थात क्रँकशाफ्ट, करतो. त्याचे जे गुळगुळीत, गोल भाग धारव्यांत फिरतात त्यांना जर्नल म्हणतात. एंजिनाच्या ठोकळ्यात भुजादंडाला आधार देतात ते मुख्य धारवे. संयोगदांड्याच्या मोठ्या टोकाशी असलेले धारवे निराळे. कारागीर त्यांना ‘बिग एंड’ म्हणतात. जुन्या अँबॅसडरच्या १४८९ घन सेंटिमीटर एंजिनात सिलिंडर चार व मुख्य धारवे तीन होते. मारुती ८०० मध्ये सिलिंडर तीन, तर मुख्य धारवे चार. प्रत्येक सिलिंडराच्या दोन्ही अंगांना आधार मिळाला, की भुजादंड कमी लवतो.

या धारव्यांवर भार तरी किती पडतो? दट्ट्याचा व्यास ७३ मिलिमीटर आणि ज्वलनाचा कमाल दाब दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोग्रॅम धरला, तर दट्ट्यावर सुमारे दोन टनांचा रेटा येतो. तो शेजारच्या दोन मुख्य धारव्यांत विभागला, तरी ५ सेंटिमीटर व्यासाच्या व अडीच सेंटिमीटर रुंदीच्या धारव्यावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ८० किलोग्रॅम दाब पडतो. तेलाचा पंप मात्र तीन-चार किलोग्रॅमचाच दाब देतो. मग भुजादंड तेलावर तरंगतो कसा?

याचे उत्तर १८८३ मध्ये इंग्लंडात अकल्पितपणे हाती आले. बीचम टॉवर हे अभियंते आगगाडीच्या आसाच्या धारव्यांवर प्रयोग करीत होते. तेल सोडण्यासाठी त्यांनी धारव्याच्या माथ्यावर छिद्र पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी उसळून बाहेर येऊ लागले. छिद्रात ठोकलेले लाकडी बूचही हळूहळू बाहेर ढकलले गेले. फिरणारा जर्नल तेलाला निमुळत्या फटीत ओढून नेतो आणि तेथे पाचरीसारखा दाब निर्माण होतो. ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी १८८६ मध्ये त्याचे गणित मांडले. तात्पर्य, पंप केवळ तेल पुरवतो. भार उचलते ती जर्नलची गती.

ही पाचर तयार होण्यासाठी जर्नल व धारवा यांत थोडी मोकळीक लागते. ५० मिलिमीटरच्या जर्नलला ती साधारणतः मिलिमीटरच्या पाच शतांशांइतकी असते. एंजिन सुरू होण्याच्या क्षणी गती नसते, म्हणून पाचरही नसते. त्या वेळी धातूला धातू घासते. यासाठीच धारव्याच्या पोलादी कवचावर मऊ मिश्रधातूचा पातळ थर देतात. आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये पुढे आणलेला कथील, अँटिमनी व तांबे यांचा मिश्रधातू प्रसिद्धच आहे. तेलातून आलेला बारीक कण या थरात रुतून बसतो आणि जर्नलवर ओरखडा उठत नाही. झिजायचेच असेल तर धारव्याने झिजावे, कारण तो बदलता येतो, भुजादंड महाग.

मात्र धारवा झिजला, की मोकळीक वाढते, तेल कडेने निसटते आणि दाब घटतो. पुढच्या धारव्यांना तेल अपुरे पडते आणि एका धारव्याची झीज दुसऱ्याच्या जिवावर उठते. भिलाईच्या मे महिन्यातील उन्हासारख्या उष्म्यात तेल अधिक पातळ होते, तेव्हा ही उणीव लवकर उघड होते. म्हणून चालत्या गाडीत तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा लागला, तर घर जवळ आहे असे म्हणून पुढे जाऊ नये. गाडी सुरक्षित जागी घेऊन एंजिन तत्काळ बंद करावे. काही मिनिटांचा धीर भुजादंड वाचवतो.