हाताने रंगवलेली जुनी छापचित्रे

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्यात वेरूळच्या लेण्यांची, हाताने रंगवलेली इंग्रजी छापचित्रे फ्रेममध्ये टांगली आहेत. कागदावर तपकिरी डाग पडलेत. धुऊन घ्यावीत का?

उत्तर : कृपया धुऊ नका. जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने 1803मध्ये वेरूळची जी चित्रे छापून प्रसिद्ध केली, त्यांपैकी ही असतील, तर रेषा आणि छटा तांब्याच्या पत्र्यावरून उमटलेल्या असतात. रंग मात्र नंतर ब्रशने दिलेला जलरंग. छापाची शाई पाणी सोसते, हा रंग विरघळतो. डागांवर ब्लीच लावले तर रंगही जाईल आणि कागदही कमकुवत होईल.

खरा शत्रू उजेड. उडालेला रंग परत येत नाही, म्हणून चित्रे खिडकीसमोरून आजच हलवा. प्रकाश 50 लक्सच्या आत हवा. तोही वर्षातून तीन-चार महिने, एरवी चित्रे अंधारात सपाट ठेवा. वाड्याला शोभा हवी असेल, तर भिंतीवर चांगली प्रतिकृती लावा. मला यात काहीच कमीपणा वाटत नाही.

डाग बहुधा ओल आणि मागच्या लाकडी फळीतल्या आम्लामुळे पडतात. फळी काढून आम्लरहित पुठ्ठा घाला, चित्र काचेला टेकू देऊ नका. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर तर टांगूच नका. सेलोटेप कधीच नको. चित्र पुठ्ठ्याला चिकटलेले असेल, तर स्वतः सोडवू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्राला आधी विचारा.