करंट गेला की प्रिंटर काय विसरतो?

प्रश्न: आमच्याकडे पावसाळ्यात करंट जातो-येतो. आला की संगणकावर प्रिंटर 'ऑफलाइन' दिसतो. दोन्ही यंत्रं एकाच टेबलावर, मध्ये वीतभर जागा. मग ते हरवतं कुठे? कधी तर कुणी काही न सांगता पानामागून पान बाहेर पडतं आणि प्रत्येकावर माथ्याशी एखादी ओळ अगम्य चिन्हांची. पुण्याहून मुलगा फोनवर एकच सांगतो, "आई, सगळं बंद कर आणि परत चालू कर." बहुतेक वेळा जमतं, कधी मुळीच जमत नाही. बंद-चालू केल्याने नेमकं होतं काय?
— एक वाचक, मलकपेठ, हैदराबाद

उत्तर: ताई, तुमच्या टेबलावर दोन यंत्रं दिसतात, पण या व्यवहारात तिसरं एक आहे: वायफायचा राउटर. संगणकाचा निरोप त्या वीतभर जागेतून थेट जात नाही. तो आधी राउटरकडे जातो आणि राउटर तो प्रिंटरकडे पोचवतो. त्यासाठी राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक क्रमांक देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. हा त्या यंत्राचा घरातला पत्ता. पण तो कायमचा नसतो, ठरावीक मुदतीसाठी दिलेला असतो.

करंट जातो तेव्हा बऱ्याच घरगुती राउटरांच्या स्मरणातली ही यादी पुसली जाते. करंट आला की फोन, टीव्ही, प्रिंटर सगळे एकदम जागे होतात आणि पत्ते नव्याने वाटले जातात. काल जो ५ क्रमांक प्रिंटरचा होता तो आज तुमच्या फोनला मिळू शकतो आणि प्रिंटर ८ वर जाऊन बसतो. संगणकाच्या नोंदीत मात्र अजून ५ च असतो. तो तिथे हाक मारतो, ओ येत नाही आणि पडद्यावर 'ऑफलाइन' उमटतं. प्रिंटर हरवलेला नसतो. त्याने घर बदललेलं असतं आणि संगणकाला ते कुणी कळवलेलं नसतं.

मुलाचा उपाय इथे लागू पडतो तो क्रमामुळे. आधी राउटर चालू करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. मग प्रिंटर, आणि शेवटी संगणक. असं केलं की प्रत्येकाला जुनं विसरून नवी ओळख करून घ्यायला सवड मिळते. तिन्ही एकदम चालू केली तर जमणं नशिबावर. कायमचा इलाजही आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये 'अॅड्रेस रिझर्व्हेशन' नावाची सोय असते. तिथे प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवता येतो. मुलगा पुढच्या वेळी घरी येईल तेव्हा एवढं एक काम त्याच्याकडून करून घ्या. राउटरपुरता छोटा यूपीएसही बाजारात मिळतो. राउटर बंदच पडला नाही तर यादी पुसायचा प्रश्न येत नाही.

आता ती चिन्हांची पानं. संगणक प्रिंटरला पानाचं चित्र पाठवतो, पण त्या चित्राच्या आधी काही सूचना असतात: कागद एवढा मोठा, आता चित्र सुरू होतंय, ते अमुक पद्धतीने वाच. छपाई अर्धवट असताना करंट गेला की प्रिंटर त्या सूचना विसरतो. करंट आल्यावर संगणकाकडून उरलेला मजकूर यायला लागतो, तोही मधूनच. कीर्तनाला उत्तररंगात येऊन बसलेल्या माणसाला आख्यान कुणाचं चाललंय ते कळू नये, तसं होतं. प्रिंटर मग येणारा प्रत्येक आकडा साधं अक्षर समजून छापत सुटतो. एखादी ओळ छापून झाली की त्या आकड्यांतच 'पान बदल' अशा अर्थाचा आकडा निघतो आणि पुढचं पान सरकतं.

अशा वेळी आधी कागद काढून घ्या, निदान कागद तरी वाया जाणार नाही. पण प्रिंटर बंद-चालू केला तरी पुन्हा तेच सुरू होतं, आणि "कधी मुळीच जमत नाही" असं तुम्ही लिहिलंय त्याचं कारण बहुधा हेच असावं. कारण या खेपेला विसरणारा प्रिंटर आहे आणि लक्षात ठेवणारा संगणक. छापायची कामं संगणक डिस्कवर फाइल करून रांगेत लावतो. ते काम पाहणाऱ्या प्रोग्रॅमला स्पूलर म्हणतात. संगणक बंद केला तरी डिस्कवरच्या फाइली जात नाहीत. सकाळी चालू केला की अडकलेलं काम रांगेत पहिलं उभं! त्यासाठी रांगच रिकामी करावी लागते. विंडोजमध्ये 'सर्व्हिसेस' उघडून 'प्रिंट स्पूलर' थांबवा. मग सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या क्रमाने आत जा आणि तिथल्या फाइली पुसा. फोल्डर पुसू नका, फक्त आतल्या फाइली. मग स्पूलर परत सुरू करा. पाच मिनिटांचं काम आहे आणि यात बिघडण्यासारखं काही नाही.

अगम्य अक्षरांचा आणखी एक प्रकार आहे. त्याचा करंटशी काही संबंध नाही, पण मराठी माणसाला तो हमखास भेटतो. मंडळाच्या हळदीकुंकवाची जुनी निमंत्रणपत्रिका उघडावी आणि पडद्यावरच इंग्रजी अक्षरांचा काला दिसावा. पूर्वीचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवत. तो फॉन्ट संगणकावर नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. युनिकोडने १९९१ मध्ये पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा दिल्या. 'क' चा क्रमांक २३२५, तो जगात कुठेही 'क' च. विंडोज २००० पासून विंडोजमध्ये देवनागरीची सोय आली. म्हणून आधी पडदा पाहा. पडद्यावर मजकूर नीट आणि कागदावर घोळ, तर दोष छपाईच्या वाटेत आहे. पडद्यावरच घोळ असेल तर दोष फॉन्टचा, प्रिंटरला हात लावू नका. झेरॉक्सच्या दुकानात मराठी मजकूर न्यायचा असेल तर पीडीएफ करूनच न्या. बहुतेक पीडीएफमध्ये फॉन्टचे आकार सोबत बांधलेले असतात. नाही तर दुकानातल्या संगणकावर 'दऱ्या' तल्या ऱ्याचं काय होईल, सांगता येत नाही.

तुमचा प्रिंटर शाईचा असेल तर करंट जाण्याने आणखी एक नुकसान होतं, आणि मला ते सगळ्यात मोठं वाटतं, कारण ते भरून येत नाही. शाई ज्या छिद्रांतून उडते ती केसापेक्षाही बारीक असतात. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने तो बंद केला तर छपाईचं डोकं एका कडेला जातं आणि खाली रबरी झाकण बसतं. मध्येच करंट गेला किंवा आपण भिंतीवरचा खटका बंद केला, तर डोकं असेल तिथे उघडंच राहतं. हैदराबादच्या मे महिन्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात त्या छिद्रांत शाई वाळते. माझा एक प्रिंटर मी असाच गमावला. वीज वाचावी म्हणून रात्री खटका बंद करत होतो, उन्हाळा संपेपर्यंत काळा रंग उमटेनासा झाला. म्हणून करंट आला की छापायचं नसलं तरी प्रिंटर एकदा चालू करा आणि त्याच्याच बटणाने बंद करा. आठवड्यातून एक रंगीत पान छापा. सफाईचा कार्यक्रम मात्र लागोपाठ दोन-तीनदापेक्षा जास्त चालवू नका. त्यात शाई ओतली जाते आणि आतलं स्पंज भरत जातं. लेझर प्रिंटर असेल तर ही भीती नाही, पण तो यूपीएसला जोडू नका. त्याचा तापणारा रूळ एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस कोलमडतो.

पावसाळ्यात कागद अडकत असेल तर उघडा गठ्ठा ट्रेमध्ये न ठेवता पिशवीत बंद ठेवा, दमट कागद वाकतो.

एक कळकळीची विनंती. प्रिंटर कंपनीचा मदत क्रमांक गुगलवर शोधून लगेच फोन लावू नका. शोधात वर दिसणाऱ्या क्रमांकांत भामट्यांचेही असतात. ते "दुरून दुरुस्त करतो" म्हणून एक अॅप घ्यायला लावतात आणि तुमच्या पडद्यावर बसून बँकेचं खातं पाहतात. क्रमांक प्रिंटरच्या खोक्यावरचा किंवा पुस्तिकेतला घ्या. फसवणूक झालीच तर त्याच क्षणी १९३० ला फोन करा. पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येण्याची आशा पहिल्या काही तासांतच असते.

दुरुस्तीला न्यायच्या आधी एक परीक्षा घ्या. संगणक बाजूला ठेवून प्रिंटरच्याच बटणांनी चाचणीचं पान काढा. कोणती बटणं दाबायची ते पुस्तिकेत असतं. ते पान स्वच्छ आलं तर प्रिंटर ठणठणीत आहे, कुठेही नेऊ नका. पान फिकं, रेघोट्यांचं किंवा कोरंच आलं तर सिकंदराबादला पार्क लेनच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये चौकशी करा. मलकपेठेहून मेट्रोने पुढचंच स्टेशन एमजीबीएस, तिथे गाडी बदलून परेड ग्राउंड. शाईच्या टाकीचा प्रिंटर असेल तर रिक्षाच करा आणि तो मांडीवर सपाट धरून न्या. आडवा झाला तर शाई सांडून आत जाते.