‘मंगल’मागचा माणूस : र. कृ. जोशी

गेल्या वर्षीची गोष्ट. मराठी विभागाचे सगळे लेख पेन ड्राईव्हमध्ये घेऊन मी डीटीपीवाल्याकडे गेलो. त्यातली एक फाईल उघडली, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्याच्या चिन्हांची नुसती खिचडी! फर्स्ट इयरच्या एका मुलानं आपल्या आजीवर लिहिलेला तो लेख होता. त्यानं तो कुठल्या फॉन्टमध्ये टाईप केला हे त्यालाच आठवेना. ज्या कम्प्युटरवर केला, तो मध्यंतरी फॉरमॅट झालेला. हाताने लिहिलेले कागदही रद्दीत गेले होते. लेख छापला गेला नाही तो नाहीच.

असं का होतं, हे शोधायला बसलो आणि एका माणसाच्या नावाशी येऊन थांबलो. आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. प्रोसेसर कुणी बनवला ते आपल्याला पाठ असतं. पण विंडोजवर वर्षानुवर्षं ज्या ‘मंगल’ फॉन्टमध्ये आपण मराठी वाचली, तो कुणी घडवला हे किती जणांना माहीत आहे? त्यांचं नाव रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजेच र. कृ. जोशी.

आधी खिचडीचं कारण. जुन्या फॉन्टमध्ये एका अक्षराला आठ बिट, म्हणजे जास्तीत जास्त २५६ जागा. त्याही इंग्रजीसाठी ठरलेल्या. मराठी फॉन्ट करणारे त्याच जागांवर क, ख, काना, वेलांटी, अर्धी अक्षरं बसवत, आणि प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने. म्हणजे फाईलमध्ये मराठी नसायचीच मुळी! इंग्रजी अक्षरांना मराठी मुखवटा घातलेला असायचा. फॉन्ट गेला की मुखवटा गळून पडला.

युनिकोडने देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा दिल्या. पण त्याने प्रश्न अर्धाच सुटला. ‘क्षितिज’ हा शब्द घ्या. आपण क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज असे सात कोड देतो. पडद्यावर मात्र पाचच आकार हवेत आणि पहिली वेलांटी अख्ख्या ‘क्ष’च्या आधी उडी मारून बसली पाहिजे. आपल्या मराठीचे आणखी वेगळे लाड आहेत. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यात एका र च्या रूपाचा फरक, पण तो चुकला तर कॅन्टीनच्या आचाऱ्याचं आमंत्रण थेट गुरुजनांना जायचं! यातले बरेच नियम फॉन्टच्या आत बसवावे लागतात. म्हणजे अक्षर काढणाऱ्याला लिपीचं व्याकरण आणि यंत्राचं तर्कशास्त्र दोन्ही यायला हवं.

जोशींना ते आलं ते फार लांबच्या वाटेने. जन्म १९३६ चा. मुंबईत जे. जे. मध्ये उपयोजित कलेचं शिक्षण. मग डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीत नोकरी (याच कंपनीच्या कलकत्ता शाखेत सत्यजित राय यांनी चित्रकार म्हणून काम केलं होतं). त्यानंतर वीसेक वर्षं ‘उल्का’मध्ये आर्ट डायरेक्टर. सोबत अक्षरांचीच चित्रं करणाऱ्या दृश्यकविता. मुंबईच्या जाहिरात जगात तेव्हा असे लोक होते. अरुण कोलटकर हे त्यातलंच दुसरं नाव. १९८३ मध्ये जोशी पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक झाले आणि कम्प्युटरवरच्या देवनागरीच्या मागे लागले. निवृत्तीनंतर एनसीएसटीत, जी संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली, त्यांनी सहकाऱ्यांसह भारतीय लिप्यांचे फॉन्ट घडवले. ‘मंगल’ विंडोज २००० बरोबर आला. तमिळचा ‘लता’, तेलुगूचा ‘गौतमी’, गुजरातीचा ‘श्रुती’ हेही त्यांच्याच मार्गदर्शनाखालचे.

यात मोठं काय? विसाव्या शतकातल्या आधुनिक डिझायनरांपुढे एक प्रश्न सारखा येत होता : यंत्रासाठी अक्षर बदलायचं, की अक्षरासाठी यंत्र? हॉलंडच्या विम क्रौवेल यांनी १९६७ मध्ये तेव्हाच्या पडद्यांना जमेल अशी फक्त सरळ रेषांची वर्णमाला केली. दिसायला झकास, पण वाचता वाचता नाकी नऊ येतात. आपल्याकडेही तेच झालं. छपाईचे खिळे कमी व्हावेत म्हणून सावरकरांनी इ, ई ऐवजी ‘अि, अी’ सुचवले होते. कल्पना हुशारीची होती, पण लोकांच्या हाताला ती पटली नाही. जोशींची वाट उलटी. जोडाक्षरं छाटायची नाहीत, ती यंत्राला शिकवायची. मला हे जास्त इंजिनिअरिंगचं काम वाटतं.

‘मंगल’ सुंदर आहे का? छापील पानावर मला तो फारसा आवडत नाही. ओळींत अंतर इतकं सोडतो की दहा पानांचा रिपोर्ट पंधरा पानांचा होतो (काही मित्रांना हा गुणच वाटतो). पण थोडा हिशेब करू. ९६ डीपीआयच्या पडद्यावर १२ पॉइंट म्हणजे १६ पिक्सेल. त्या १६ ओळींत वर मात्रा नि रफार, मग शिरोरेषा, मग अक्षर, खाली उकार! तिथे नाजूक वळणं टिकणार कशी? खरी तक्रार वेगळी आहे. त्यातले ल आणि श हिंदी वळणाचे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श मराठीसाठी ठरवून दिला. जोशी मात्र त्याआधीच, फेब्रुवारी २००८ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत वारले होते. पुढे विंडोज ८ पासून ‘मंगल’ची जागा ‘निर्मला’ने घेतली.

एक प्रयोग करून बघा. ज्या बांबूवर बल्लारपूरचा कागद कारखाना उभा राहिला, तो आपल्याकडे हवा तेवढा मिळतो. त्याची पेन्सिलीएवढी काडी घ्या, टोक चपटं करून तिरकं कापा आणि शाईत बुडवून ‘क’ काढा. रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते ते पहा. रोमन लिपीच्या कलमाचा काप जिकडे झुकतो, त्याच्या उलट बाजूला देवनागरीच्या बोरूचा झुकतो. म्हणून दोन्ही लिप्यांत जाडी उलट बाजूला येते. आता कम्प्युटरवर ७२ पॉइंटचा ‘क’ उघडून शेजारी ठेवा. बोरूचं वळण पिक्सेलमध्ये किती उरलं आणि किती सोडावं लागलं, ते दिसेल.

तो राहून गेलेला आजीवरचा लेख त्या मित्राने आठवून आठवून पुन्हा लिहिला आहे. या वेळी युनिकोडमध्ये. याच अंकात आहे, जरूर वाचा.