गोडाची ओढ व अतिभोजन : पादांशिक क्रमाची उपयुक्तता

मधुर रस आजन्म सात्म्य आहे; तो बल्य, बृंहण व मनाला तृप्ती देणारा आहे. त्यामुळे गोडाची इच्छा ही स्वतः विकृती नव्हे. मात्र त्याच्या अतिसेवनाने स्थौल्य, आलस्य, अग्निमांद्य आदी कफज विकार होतात, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात सांगितले आहे. आयसीएमआर-इंडियाब या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. म्हणून हा विषय प्रत्येक वैद्याच्या नित्य व्यवहारातील आहे.

ठाण्यातील कोलशेत परिसरात कारखान्यांच्या जागी गृहसंकुले उभी राहिली, तसा रुग्णांचा दिनक्रमही पालटला. दुपारचे भोजन टळते, दिवस चहा-बिस्किटांवर जातो आणि रात्री उशिरा घरी परतल्यावर अतिभोजन होते. पुढे रात्रिजागरण आणि सकाळी पश्चात्तापापोटी लंघन! हे लंघनच पुढील अतिभोजनाचे निदान ठरते. येथे विषमाशन, अध्यशन व प्रज्ञापराध यांची साखळी स्पष्ट दिसते. अशा रुग्णास ‘गोड पूर्ण बंद’ असे सांगून आपण ती साखळी अधिकच घट्ट करतो.

चिकित्सासूत्र

१. कालभोजन : प्रथम भोजनाच्या वेळा निश्चित कराव्यात. दुपारचे भोजन चुकवू देऊ नये. निद्रा पुरेशी असावी.

२. पादांशिक क्रम : सात्म्य झालेले अहितकर द्रव्य चतुर्थांशाने, क्रमाक्रमाने सोडावे, असा सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायातील उपदेश आहे. उदाहरणार्थ, दिवसाला चार कप चहा व प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुचविलेली अधिक हितकर मर्यादा सुमारे २५ ग्रॅम आहे. कपातील साखर दोनवरून दीड, मग एक, मग अर्धा चमचा अशी उतरवावी. गूळ व मध यांचीही गणना या मर्यादेत करावी.

३. सत्त्वावजय : अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह हे त्याचे स्वरूप आहे. रुग्णाने काय, केव्हा व कोणत्या मनःस्थितीत खाल्ले याची नोंद ठेवावी. क्षुधा व मनाची व्याकुळता यांतील भेद त्याला स्वतःच कळू लागतो.

४. औषध : मेषशृंगी अर्थात गुडमारचे पान चघळल्यास मधुर रसाचे ज्ञान काही काळ मंदावते. परंतु मधुमेहाची औषधे चालू असल्यास रक्तशर्करेवर लक्ष ठेवूनच ते योजावे.

सावधानता

इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया वर्गातील औषधे घेणाऱ्या रुग्णास घाम, कंप व अकस्मात गोडाची तीव्र इच्छा झाल्यास ती रक्तशर्करा घसरल्याची खूण असू शकते. तेथे निग्रहाचा उपदेश घातक ठरेल. त्वरित साखर द्यावी.

तीन महिने, आठवड्यातून किमान एकदा, ताबा सुटून अतिभोजन होत असेल, तर तो स्वतंत्र मानसविकार मानला जातो. रुग्ण लज्जेने तो लपवितो. म्हणून आपणच मृदूपणे विचारावे. मुद्दाम वमन, दीर्घ उपवास किंवा आत्मघाताचे विचार आढळल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविण्यास विलंब करू नये. शासनाची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

रुग्णाच्या जिभेला दोष देण्यापूर्वी त्याचा दिनक्रम विचारावा. पथ्य पाळता येईल इतकेच सांगावे, म्हणजे ते पाळले जाते.