रोपवाटिकेची सुरुवात मार्गशीर्षात



दिवाळीनंतरच्या बैठकीत त्र्यंबक तालुक्यातल्या आपल्या एका गटाने रोपवाटिकेतल्या पिशव्या मोजल्या. जूनमध्ये चोवीसशे पिशव्या भरून बी लावलं होतं. कडुनिंब, साग, बहावा आणि आवळा, प्रत्येकी सहाशे. कडुनिंबाची साडेचारशेच्या वर रोपं उभी आहेत. सागाची 31. बहाव्याची 14. आवळ्याच्या पिशव्यांत नुसतं गवत. ग्रामसंघाकडून घेतलेल्या पंधरा हजारांचे हप्ते मात्र थांबलेले नाहीत, आणि सध्या ते द्राक्षबागेच्या मजुरीतून भरले जातायत.

यात चूक माझी होती, हे आधी सांगून टाकते. "बी कधी गोळा करायचं?" असं गटाने विचारलं, तेव्हा "पाऊस पडायच्या तोंडावर" असं मीच सांगितलं. आमच्या घरामागे कडुनिंब आहे, त्याच्या निंबोळ्या जूनमध्ये पडतात. एवढ्यावरून मी सगळ्या झाडांचा हिशेब मांडला. समाजकार्याची पदवी घेताना गटबांधणी शिकले, नोंदवह्या शिकले, पण बी कधी पिकतं हे मला कुणी शिकवलं नाही आणि मीही विचारलं नाही. गटातल्या एक मावशी तेव्हा म्हणाल्या होत्या, "आता कुठं बहाव्याचं बी? शेंगा कधीच्या पडून किडल्या असतील." मी ऐकून घेतलं आणि ठरल्या तारखेला पेरणी उरकली.

म्हणून नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही अकराजणी नाशिकला पांडवलेण्याच्या पायथ्याशी असलेल्या नेहरू वनोद्यानात गेलो. गावातही झाडं आहेत, मग तिकडे कशाला, असं दोघीतिघींनी विचारलं. बरोबर आहे. पण गावात साग एका टोकाला, आवळा दुसऱ्या टोकाला. बागेत एका सकाळी पुष्कळ झाडं शेजारी शेजारी बघता येतात आणि एकाच थंडीत कोण काय करतंय हे ताडता येतं. आत शिरतानाच एक गोष्ट ठरवली. तिथलं काही तोडायचं नाही, नेण्यासाठी उचलायचं नाही. फक्त बघायचं आणि वहीत लिहायचं.

पहिल्यांदा साग बघितला. पानं पिवळी पडायला लागली होती आणि काही पानांची तर चाळणी झालेली, नुसत्या शिरा उरलेल्या. ही एका बारीक अळीची करामत. पावसाळा संपता संपता ती शिरांमधला हिरवा भाग खाते. नंतर पान गळणारच असतं, त्यामुळे मोठ्या झाडाला त्याचा फारसा त्रास नसतो. आम्ही मान वर करून शेंडा बघितला. तिथे फुगलेल्या कागदी फुग्यांसारखे घोस होते. ते सागाचं फळ. पावसाळ्यात पांढरा बारीक फुलोरा येतो, त्याची फळं थंडीत पिकतात. फुग्याच्या आत लव असलेली कठीण आठळी असते आणि त्या आठळीत एकापासून चारपर्यंत बिया. जूनमध्ये आम्ही ही आठळी तशीच पिशवीत खोचली होती. खरं तर ती आधी आठ-पंधरा दिवस रात्री पाण्यात भिजवायची आणि दिवसा उन्हात वाळवायची असते. असं आलटून पालटून केल्यावर कवच सैल होतं आणि कोंब बाहेर यायला वाट मिळते.

तिथे उभ्या उभ्याच एका ताईंनी विचारलं, "मग आपली ती 31 रोपंबी पिवळी पडलीत, ती मेली का?" सगळ्या गप्प झाल्या. कारण हप्त्याच्या चिंतेत ती पिवळी रोपं कुणीतरी उपटून टाकायला निघालंच होतं.

नाही, मेलेली नाहीत. पान गळणं म्हणजे झाडाची काटकसर. पानाला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात, त्यातून दिवसभर पाणी उडून जातं. पावसाळा संपला, जमिनीतली ओल खाली गेली, की पाणी वर ओढणं झाडाला परवडत नाही. मग ते पानातलं कामाचं अन्नद्रव्य आत ओढून घेतं, म्हणून हिरवं पान पिवळं होतं. देठाच्या बुडाशी एक पातळ थर तयार होतो आणि पान सुटून पडतं. बर्फाच्या देशांत झाडं थंडीमुळे पानं टाकतात, आपल्याकडे मुख्य कारण कोरडेपणा. निफाडला पारा घसरल्याची बातमी येते आणि इकडे पानं पडतात, म्हणून आपण दोन्हीची गाठ घालतो. खात्री करायची असेल तर रोपाच्या खोडावर नखाने हलकं खरवडा. सालीखाली हिरवं दिसलं की ते जिवंत. परत आल्यावर आम्ही 31 रोपं खरवडून बघितली. 29 हिरवी निघाली.

पुढे बहावा. उन्हाळ्यात पिवळ्या झुंबरांनी लगडतो तो हाच. आता त्याला हातभर लांब शेंगा लटकत होत्या, काही अजून हिरव्या, काही तपकिरी व्हायला लागलेल्या. पूर्ण काळी होऊन वाळेपर्यंत ही शेंग थंडीभर झाडावरच असते. तिच्या आत आडवे कप्पे, कप्प्यांत काळा चिकट गोडसर गर आणि एकेक बी. शेंग खाली पडून महिनोन् महिने राहिली की कीड आत शिरते. जूनमध्ये आपण वेचलेल्या बऱ्याच शेंगांना भोकं होती, आता आठवतं. आणि जे बी चांगलं होतं त्याचं कवच इतकं टणक की नुसत्या पाण्याला ते दाद देत नाही. एका कडेला खरबरीत दगडावर किंवा पॉलिश पेपरवर घासून आतला फिका भाग दिसू द्यायचा, मग रात्रभर भिजवायचं. बी फुगलं की लावायचं. त्या मावशी म्हणाल्या, "आमच्या पाट्यावर घासू की." मी म्हटलं, चालेल, पण चटणी वाटायच्या नव्हे.

इथेच मला माझी चूक नीट कळली. निंबोळीचं बी नाजूक, दोन-तीन आठवड्यांत त्याचा जोम उतरतो. जांभळाचं आणि आंब्याच्या कोयीचंही तसंच, त्यांना थांबून चालत नाही. म्हणून ही झाडं पावसाच्या तोंडावर पिकतात आणि बी पडल्या पडल्या ओलीत रुजतं. साग, बहावा, आवळा, बेहडा यांचं बी कठीण कवचात बंद असतं, ते कोरड्या दिवसांत पिकतं आणि पावसाची वाट बघत थांबू शकतं. म्हणजे कवच बघितलं की बी किती थांबेल याचा पुष्कळसा अंदाज येतो. मी एका घाईच्या झाडाचा नियम थांबणाऱ्या झाडांना लावला होता.

आवळ्याखाली मात्र सगळ्या खूश झाल्या. कार्तिकात आपण आवळ्याखाली जेवतो ते उगाच नाही, फळ तेव्हाच भरायला लागतं आणि पुढे थंडीभर मिळतं. जूनमध्ये झाडावर पिकलेला आवळाच नव्हता, म्हणून आम्ही बाजारातून बी आणलं होतं. ते किती जुनं हे विचारलं नव्हतं. घरचं बी काढणं अवघड नाही. लोणचं, मोरावळा, कँडी करताना आपण आठळी टाकून देतो, तीच ठेवायची. फक्त उकडलेल्या आवळ्याची नको, कच्च्या फळाचीच हवी. आठळ्या उन्हात वाळत घातल्या की तडकतात. वरून फडकं झाका, नाहीतर बी उडून जाईल. एका आठळीत सहा बारीक बिया असतात. त्या पाण्यात टाकायच्या, तरंगतील त्या फेकायच्या, बुडतील त्या ठेवायच्या. एक लक्षात असू द्या. फळबागेसाठी लोक कलमंच मागतात. बियांपासूनचं रोप हे कलम बांधायला खुंट म्हणून किंवा बांधावर लावायला जातं. विकताना तसंच सांगायचं.

बेहड्याची फळंही याच दिवसांत पिकतात. बोरं भरत होती, ती संक्रांतीला लागणारच. चिंच अजून कच्ची, तिला होळीकडे बघावं लागेल.

कांचनाला गुलाबी-जांभळी फुलं होती, पानंही अंगावर होती. वसंतात पानं नसताना फुलतो तो दुसऱ्या जातीचा कांचन. हे सांगायचं कारण, दसऱ्याला "सोनं" म्हणून आपट्याबरोबर कांचनाच्याही फांद्या ओरबाडल्या जातात. आपट्याचं पान लहान, जाड, लांबीपेक्षा रुंद. कांचनाचं मोठं आणि पातळ. आपट्याला आता चपट्या शेंगा असतात. बांधावर आपटा लावायचा म्हणून कुणी रोप मागितलं आणि आपण कांचन दिला, तर पुढच्या वर्षी ते गिऱ्हाईक येणार नाही.

वाटेत पांढऱ्या लांब दांड्याची फुलं पडली होती. बुचाची. काहीजणींनी लहानपणी त्यांच्या वेण्या केल्या होत्या, त्या तिथेच करायला बसल्या आणि दहा मिनिटं गेली. गेली तर गेली. मग प्रश्न आला, याचं बी कधी? बुचाला आपल्याकडे बी फारसं धरतच नाही. मुळांतून फुटवे येतात, ते वेगळे करून लावतात. फूल आलं म्हणजे बी मिळेलच असं नाही, हेही वहीत गेलं.

झुडपांमध्ये मुरुडशेंग भेटली. पीळ दिलेल्या सुतळीसारखी शेंग, काही हिरवट, काही वाळून तपकिरी. बाळगुटीत आपण सगळ्यांनी उगाळलीय, पण "ही झुडपाला लागते होय!" असं म्हणणाऱ्या चारजणी निघाल्या. बाजारात पुडीतून येणारी वस्तू कुठल्या झाडाची हे माहीत नसणं काही लाजिरवाणं नाही, मलाही आत्ताच कळतंय.

आता पुढचं काम. तुम्ही द्राक्षबागेत जाता. ऑक्टोबर छाटणी झाली की तिथे प्रत्येकीला तोंडपाठ असतं, आज कितवा दिवस, थिनिंग कधी, डिपिंग कधी. मालकाच्या वेलीचे दिवस आपण मोजतो. तसेच गावातल्या पाच-सहा झाडांचे मोजायचे. गटाच्या वहीत प्रत्येक झाडाला एक पान द्या. दर पंधरा दिवसांनी, बचत भरायच्या दिवशी, चार गोष्टी लिहा: पान कसं आहे, फूल आहे का, फळाचा रंग कोणता, खाली काय पडलंय. लिहिता येत नसेल तर ताज्या शेंगेचा तुकडा पानावर चिकटवा आणि तारीख दुसरीकडून लिहून घ्या. झाड ओळखू येईल असं लिहा, "शाळेमागचा बहावा", "विहिरीवरचा आवळा". पुढच्या वर्षी ही वही मला विचारण्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

बी गोळा करताना एकाच झाडाचं सगळं घेऊ नका. चार-पाच निरोगी झाडांचं थोडं थोडं घ्या. झाड दुसऱ्याच्या बांधावरचं असेल तर विचारून. जंगलातलं असेल तर ग्रामसभेत बोलून. वन हक्क कायदा 2006 चा, त्यात पिढ्यान् पिढ्या जंगलावर जगणाऱ्यांना गौण वनोपजाचा हक्क दिलाय. तरी गावाला न सांगता पोती भरून आणणं बरं नाही.

पोतं भरायच्या आधी दहा बिया फोडून बघा. आतला गर पांढरा आणि घट्ट असेल तर बी चांगलं. काळपट, पोकळ किंवा भुगा निघाला तर ते बी नको. दहापैकी सहासुद्धा धड नसतील तर दुसरं झाड शोधा. चांगलं बी सावलीत वाळवून राखेत, मडक्यात ठेवा आणि वर झाडाचं नाव व तारखेची चिठ्ठी लावा.

त्या गटाच्या पिशव्यांतली माती अजून चांगली आहे. फेब्रुवारीत पुन्हा बी लावायचं, म्हणजे पावसात रोपं विकायला तयार, असं मी सांगत होते. तेव्हा त्याच मावशींनी अडवलं. "आन् मे महिन्यात पाणी कुठलं?" त्र्यंबककडे पाऊस धो धो पडतो, पण उन्हाळ्यात हंडे घेऊन लांब जावं लागतं, हे तुम्हाला सांगायला नको. या वेळी मी तारीख आधी ठरवली नाही. बसून हिशेब केला. विहिरीजवळच्या दोघींच्या परसात सातशे पिशव्या झेपतील, भांडी धुतलेल्या पाण्यावर आणखी शंभर. चोवीसशे नाहीत. कडुनिंबाची रोपं आणि ही आठशे मिळून कर्ज फिटेल का, हे विक्रीच्या भावावर आहे. तोवर हप्ता मजुरीतूनच जाईल.

पौषातल्या बैठकीला प्रत्येक गटाने झाडांच्या नोंदीचं निदान एक पान आणि फोडलेल्या दहा बिया घेऊन या. त्या गटाच्या वहीत पहिली ओळ पडलीय. मावशींनी सांगितली आणि त्यांच्या नातीने लिहिली: "शाळेमागचा बहावा. शेंगा 40 च्या वर. अर्ध्या हिरव्या. अजून काढू नये."